बर्फ, मीठ आणि ठमी

मित्रांनो, मी एक जुना आइस्क्रीमचा पॉट आहे. हसू नका! आइस्क्रीम म्हटलं की तुम्हाला दुकानातला गुळगुळीत डबा आठवतो, हे मला ठाऊक आहे. पण एके काळी आइस्क्रीम घाम गाळून कमवावं लागे, आणि तो घाम गाळायला माझ्याभोवती अख्खं घर जमत असे. ती गंमत आठवली की अजूनही माझं लाकूड करकरतं.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्याने लाकडाच्या अरुंद फळ्या तासून एकमेकींना भिडवल्या, बाहेरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि माझी बादली तयार केली. आत उभा राहील असा पत्र्याचा उंच डबा आणला. डब्यात दूध घुसळायला लाकडी पंखा, वर घट्ट झाकण, आणि त्यावर हँडलची आडवी पट्टी. हँडल फिरवलं की दातेरी चक्र फिरतं आणि डबा गरागरा गिरक्या घेतो. बादली आणि डबा यांच्या मधल्या जागेत बर्फ आणि जाडं मीठ भरायचं. मीठ पडलं की बर्फाला असा काही चेव येतो, की दूध बघता बघता गोठायला लागतं!

सुताराने मला विकण्यासाठी केलं नव्हतं. त्याची मुलगी एका छापखान्यात पुस्तकं बांधायची. तिचं लग्न ठरलं, तेव्हा तो तिला म्हणाला, "दागिनेबिगिने मला जमायचे नाहीत, बाळ. पण हा पॉट ज्या घरात जाईल, तिथे कुणी तोंड फुगवून बसणार नाही. लिहून देतो."

लिहून दिलं त्याने, पण निस्तरायचं होतं मला!

नव्या घरात पाऊल ठेवलं, तर दारातच एक फुगलेलं तोंड. ते होतं ठमीचं. ठमी तेव्हा दुसरीत होती. तिची आई ती रांगत असतानाच वारली होती. बाबा बस चालवायचे, म्हणून खालच्या मजल्यावरच्या आत्याने तिला लहानाचं मोठं केलं होतं. आता ही नवी बाई आली, सोबत लाकडी बादली घेऊन. सगळे म्हणाले, "ठमे, हिला आई म्हणायचं बरं का." ठमीने यावर नामी युक्ती काढली. ती तिला 'अहो' म्हणू लागली.

"अहो, माझी वेणी आत्या घालते. तुम्ही नका घालू."

"अहो, बाबा विचारतायत, चहा झाला का?"

आईला कुणी अहो-जाहो करतं का, मित्रांनो? 'अहो' दुकानदाराला म्हणायचं, डॉक्टरांना म्हणायचं. ठमीच्या तोंडचं 'अहो' म्हणजे दाराला आतून घातलेली कडी होती. पण नव्या आईने कधी हूं की चूं केलं नाही. "बरं हं, ठमाबाई. तुम्ही म्हणाल तसं," असं म्हणून ती हसायची आणि कामाला लागायची. एकटी असली की मात्र माझ्या झाकणावर हात ठेवून नुसती उभी राहायची.

मग एके दिवशी तिने घोषणाच केली. "रविवारी सगळ्यांना बोलवा. मी आइस्क्रीम करते!"

काय सांगू त्या रविवारची धांदल! पहाटेपासून दूध आटत होतं. स्ट्रॉबेऱ्या कुस्करून त्यात साखर मुरत होती. बाबा सायकलवरून पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आले आणि मागच्या अंगणात हातोडीने धडाधड फोडू लागले. शेजारची पोरं उडालेले तुकडे तोंडात टाकून "हा हा" करत नाचत होती. पाहुणे आले, खुर्च्या कमी पडल्या, कुणी पायरीवर बसलं. मला स्वच्छ धुतलं, डब्यात दूध ओतलं, बर्फ भरला, वर मीठ घातलं. आता हँडलची पट्टी बसवायची, की झालं!

पट्टी नव्हती.

ओट्यावर नाही, पलंगाखाली नाही, कुठेच नाही. बाबा घामाघूम झाले. "अरे, आत्ता तर इथे होती!"

आत्याच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "बर्फाचं पाणी होतंय बरं का. आज पाहुण्यांना सरबतच पाजणार वाटतं."

नव्या आईचं तोंड क्षणभर उतरलं. मग तिने बाह्या वर सारल्या आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. "राहू दे. हातानेच फिरवते."

आणि तिने दोन्ही हात थेट बर्फात घातले! डब्याची कड धरून ती तो फिरवू लागली. खारट बर्फाचं पाणी चटका लागावा तसं झोंबतं, मित्रांनो. तिची बोटं लाल झाली, मग पांढरी पडली. बाबा म्हणाले, "अगं, सोड आता. नको आपल्याला आइस्क्रीम."

"असं कसं? पोरं वाट बघतायत," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते, पण हात थांबत नव्हते.

ठमी दाराआडून बघत होती. आधी तिचे डोळे मोठे झाले. मग ती जी धूम पळाली, ती परत आली तेव्हा तिच्या पोटाशी हँडलची पट्टी कवटाळलेली होती.

"अहो... ही बुटांच्या कपाटात होती."

बुटांच्या कपाटात पट्टी आपल्या पायांनी जात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आत्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच नवी आई ओरडली, "सापडली! वा रे माझी ठमाबाई! चला, लवकर बसवा. आणि तू बस वर!"

"मी? कुठे?"

"पॉटवर! घट्ट व्हायला लागलं की हा उड्या मारतो. त्याला दाबून धरायला कुणीतरी वजनदार माणूस लागतं."

माझ्या डोक्यावर पोतं घडी करून टाकलं, त्यावर ठमी बसली. समोर नवी आई. गार पडलेली बोटं काखेत दाबून ऊब घेतली आणि तिने हँडल धरलं. खर्र, खर्र, खर्र! डबा फिरू लागला. पोरं मोजू लागली, टाळ्या वाजवू लागली. दूध आत जड होत होतं. हँडल जड झालं तसा मी हिंदकळलो, डावीकडे, उजवीकडे. ठमीने किंकाळी फोडली आणि समोरच्या खांद्यांना घट्ट मिठी मारली.

"अगं! अगं, हळू ना! पडेन मी!"

हँडल थांबलं.

"थांबलीस काय? अगं, फिरव ना! घट्ट होतंय! जोरात फिरव!"

आपण काय बोललो, हे ठमीच्या ध्यानीमनीही नव्हतं. नव्या आईच्या गालांवरून मात्र पाणी ओघळलं, आणि ते बर्फाचं नव्हतं. तिने असं काही हँडल फिरवलं, की माझ्या पट्ट्या निखळतात की काय असं वाटलं! बाबा घसा खाकरून म्हणाले, "चला, आता या घरात 'अहो' म्हणवून घेणारा मी एकटाच उरलो." मग सगळे एकदमच हसले.

झाकण उघडलं तर काय! गुलाबी, घट्ट, वाफाळल्यासारखं दिसणारं आइस्क्रीम! आत्याने तीन वाट्या खाल्ल्या आणि तरी "साखर जरा कमी आहे" म्हणालीच.

त्यानंतरची वर्षं कशी गेली, कळलंच नाही. ठमी पास झाली, काढा पॉट. पाहुणे आले, काढा पॉट. एकदा झाकण सैल राहिलं आणि मिठाचं पाणी आत शिरलं. ते आइस्क्रीम शेवटी मांजरानेही हुंगून सोडून दिलं. पण माझं कौतुक कमी झालं नाही.

मग घरात मोठा फ्रीज आला. ठमी शिकून नोकरीला लागली, बाबा गेले, अंगणात गाड्या उभ्या राहू लागल्या. मला माळ्यावर चढवलं. कुणीतरी माझ्या डब्यात खिळे ठेवले, कुणी बादलीत जुने पडदे कोंबले. वर उन्हाळ्यात छपराचा पत्रा तापायचा. माझं लाकूड सुकत गेलं, फळ्या आक्रसल्या, आणि ज्या फळ्या कधी केसभर हलत नव्हत्या त्यांच्यात फटी पडल्या. मी खालची बोलणी ऐकत पडून राहायचो. माझं नाव त्यांत कधी येत नसे.

परवा ठमीच्या लेकीने मला खाली काढलं. तिला शाळेसाठी रंगीत कुंडी करायची होती. तिने माझ्यात पाणी ओतलं मात्र, ते चहूबाजूंनी धारा लागून वाहून गेलं.

"ई, फुटकी आहे! आई, भंगारात देऊ?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून काठी टेकत आजी आली. हो, तीच, सुताराची मुलगी! तिने फटींवरून बोट फिरवलं.

"फुटकी नाही गं, तहानलेली आहे. लाकूड सुकलं की असंच होतं. टबात बुडवून ठेव. पोटभर पाणी पिऊ दे, मग बघ."

मित्रांनो, मी पाणी प्यायलो! फळ्या फुगल्या, एकमेकींना भिडल्या, आणि आज माझ्यातून एक थेंबही बाहेर येत नाही. म्हणून तुम्हाला एकच विनंती करतो. घरातली जुनी वस्तू असो की गप्प बसलेलं माणूस, फट दिसली म्हणून लगेच टाकून देऊ नका. आधी तहान लागली आहे का, ते बघा.

थांबा, अंगणात हातोडीचा आवाज येतोय! कुणीतरी बर्फ फोडतंय! सरका, मित्रांनो, वाट द्या. बोलणं पुरे झालं, मला आता काम आहे!