दुखणं आत्याचं नव्हतं

तो लिफ्टचा मेकॅनिक. जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी झाली म्हणून सांगितलं होतं. विशीत त्याने ही चूक दुरुस्त करून घेतली. आता दाढी इतकी दाट, की त्याला वाढवणारी आत्या म्हणायची, "यात एखादा पाना पडला तर सापडायचा नाही."

त्याचं ओटीपोट दुखायचं, पण तो अंगावर काढत होता. मागच्या डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता "घरच्यांना चालतं का? लग्नाचं काय?" असल्या चौकशा केल्या होत्या. शेवटी कामावरच कळ येऊन तो शिडीवर वाकडा झाला, तेव्हा आत्याने त्याला दंडाला धरून बायकांच्या दवाखान्यात नेलं.

नंबर आला. नर्सने बाहेर येऊन दोघांकडे पाहिलं आणि आत्याचा हात धरला. "चला मावशी."

"अगं, पेशंट मी नाही!"

"सगळ्या असंच म्हणतात. लाजायचं नाही."

बघता बघता आत्या वजनकाट्यावर चढली, दंडाला बीपीचा पट्टाही बांधला गेला.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"तेव्हा तू शाळेत असशील."

तो दारात आला. "सिस्टर, मला तपासायचंय."

"पुरुषांनी बाहेर थांबा."

आत्याचा पारा चढला. "अगं, पुरुषच आहे तो! पण गर्भाशय आहे त्याला. माझंही आहे, पण ते रिटायर झालंय!"

बाहेरच्या सगळ्या बायका वळून बघू लागल्या. त्याचे कान लालबुंद. "आत्या, आता फक्त गच्चीवरून ओरडायचं राहिलंय!"

आत्याने जीभ चावली. "चुकलं रे राजा. तोंडाला कुलूपच नाही माझ्या."

एक पोटुशी बाई म्हणाली, "असू दे हो. माझ्याआधी त्यांना घ्या, उभंही राहवत नाहीये त्यांना."

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुठे दुखतंय?"

बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं तो पाठ करून आला होता. हा प्रश्न मात्र अनपेक्षित होता. त्याने नुसताच डावीकडे हात ठेवला.

सोनोग्राफीत लिंबाएवढी गाठ दिसली. छोटं ऑपरेशन करावं लागणार होतं.

"वॉर्ड बायकांचाच असेल ना?" त्याने घाबरत विचारलं.

"हो. पण कोपऱ्यातली वेगळी खोली देते," डॉक्टर म्हणाल्या. "कागदावर 'श्रीमती' छापून येईल. कॉम्प्युटर ऐकत नाही, मी हाताने खोडेन."

नर्स ओशाळून पुढे आली. "मघाशी चुकलंच माझं. तुम्हाला काय म्हणू?"

"भाऊ म्हणा."

ऑपरेशन नीट पार पडलं. नर्सने "भाऊ, गोळी!" म्हणून रोज अशी हाक मारली, की वॉर्डातल्या निम्म्या बायका त्याला भाऊच म्हणू लागल्या.

टाके दाखवायला तो दवाखान्यात एकटाच गेला. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "बायको आत आहे का?"

"नाही, नंबर माझाच आहे," तो म्हणाला आणि पाय लांब करून आरामात बसला.