आईच्या गळ्यावरचा व्रण

घड्याळं दुरुस्त करणारीचा हात थरथरू लागला की दुकान चालायचं कसं? थायरॉईडची ग्रंथी काढून टाकायला ती एका पायावर तयार झाली ती त्यामुळेच. रक्तात हार्मोन जास्त, छातीत धडधड, गळ्याला सूज. आईचंही तरुणपणी हेच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सर्जनना शंकाच उरली नाही. आत्या म्हणाली, "आईचे दागिने नाही मिळाले, व्रण तरी मिळेल."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी हार्मोनच्या डॉक्टरीणबाई त्याला हिरवा कंदील द्यायला वॉर्डात आल्या आणि रिपोर्ट वाचता वाचता थांबल्या. आता काय खुसपट निघतंय, असं तिला वाटलं.

"ग्रंथी स्वतःहून जास्त काम करते तेव्हा मेंदू तिला हुकूम द्यायचं थांबवतो," बाई म्हणाल्या. "हुकमाचं हार्मोन, टीएसएच, तळाला जातं. तुमचं जागचं हललेलं नाही."

"मशीन चुकलं असेल."

"असेलही. दुसऱ्या लॅबमधून करून घेऊ." मग त्या खुर्चीत पेंगणाऱ्या आईकडे वळल्या. "आजी, ऑपरेशननंतर तुम्हाला बरं वाटलं?"

आई दचकून जागी झाली. व्रण सगळ्यांनी पाहिला होता. हे कुणी विचारलं नव्हतं.

"कुठलं हो. तेव्हापासून अंगात त्राण नाही. गोळी रोज घेते. हिचे बाबा म्हणायचे, बसल्या जागी मुळं फुटतील तुला. हिची आत्या तर सरळ आळशी म्हणते."

"उद्याचं ऑपरेशन थांबवते," बाई म्हणाल्या.

"अहो, दुकान बंद पडलंय माझं."

"म्हणूनच." बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "हार्मोन पेशीत जातं, तिथे डीएनएवर एक प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं. हार्मोन चिकटलं की ते ठरवतं, कुठलं जनुक वाचायचं, कुठलं मिटून ठेवायचं. मेंदूखालच्या ग्रंथीतलं तुमचं प्रथिन बिघडलेलं असावं. हार्मोन आलेलं त्याला उमगत नाही, टीएसएचचं जनुक वाचणं चालूच, म्हणून ग्रंथीला हुकूम सुटतच राहतो. हृदयात मात्र त्याचा भाऊ असतो, तो धडधाकट. जादा हार्मोनचा सगळा मारा त्याच्यावर."

"मग ग्रंथीचा दोष?"

"ती सांगितलेलं काम करतेय. काढली तर नेहमीच्या मापाची गोळी पुरणार नाही, तुमची गतही आईसारखी होईल."

तिच्या धंद्यात नवखा आधी सुटा भाग बदलतो. मुरलेला कारागीर विचारतो, घड्याळ शेवटचं नीट कधी चालत होतं? हे माणूस मुरलेल्यांपैकी आहे, हे तिनं तिथंच ओळखलं.

दुसऱ्या लॅबचे आकडे तेच आले. मेंदूच्या स्कॅनमध्ये जादा टीएसएच सोडणारी गाठ नव्हती. जनुकाच्या तपासणीत मायलेकी दोघींच्यात एकच अक्षर बदललेलं निघालं. बाईंनी सर्जनना स्वतः फोन केला, तोही चूक काढायला नव्हे, पुढच्या वेळी काय बघावं ते सांगायला. धडधडीवरच्या गोळीनं तिचा हात स्थिरावला आणि दुकानाचं शटर वर गेलं.

आईची गोळी बाईंनी हळूहळू, हृदयावर लक्ष ठेवून वाढवायला घेतली.

"माझी ग्रंथी परत नाही ना बसवता येणार?" आईनं विचारलं.

"नाही," बाईंनी सरळ सांगितलं. "पण तुम्ही आळशी नव्हता. तुमच्या पेशींना निरोप पोचत नव्हता."

आईनं पदर सावरला. "हे जरा मोठ्यानं सांगा. हिची आत्या बाहेर बसलीय."