हाकेच्या आधी

हंबीररावांनी विधेयकाची प्रत टेबलावर अशी आपटली, की चहाचे तीन कप बशीतल्या बशीत नाचले.

"मोर्चा! दोनशे ट्रॅक्टर! उद्याच्या उद्या मुंबई!"

ते गूळ उत्पादक संघाचे अध्यक्ष. संघाच्या खोलीत बसलेल्या बारा गुऱ्हाळमालकांनी माना डोलावल्या. संघाचा पगारी चिटणीस नागसेन कांबळे मात्र प्रत उचलून तिच्यावर सांडलेला चहा रुमालानं टिपत होता.

"आत्ता न्हाय, तात्या," तो म्हणाला.

"आत्ता न्हाय, मग कवा? बैल गेल्यावर झोपा करायचा?"

"बैल अजून दावणीलाच हाय. विधेयक नुसतं मांडलंय."

२००३ सालचा मार्च होता. साखर कारखान्यापासून पंधरा किलोमीटरच्या आत कुणालाही गुऱ्हाळाचा परवाना मिळणार नाही, असं त्या विधेयकाचं सातवं कलम म्हणत होतं. आता कोल्हापूर जिल्ह्यात कुठंही उभं राहा आणि मान वळवा, कारखान्याचं धुराडं दिसल्याशिवाय राहायचं नाही. म्हणजे सगळीच गुऱ्हाळं बंद! हंबीररावांचा आवाज चढला होता तो उगीच नव्हे. एरवीही तो फारसा खाली नसायचा, ही गोष्ट वेगळी.

नागसेननं आठ वर्षं मंत्रालयात कारकुनी केली होती. कायदा कुठं शिजतो आणि कुठं नुसता वाढला जातो, हे त्यानं जवळून पाहिलं होतं.

"सभागृहात मंत्री बोलायला उठला की त्याची माणसं नुसते हात वर करत्यात," तो म्हणाला. "तवा वरडून उपयोग नसतोय. आन आता वरडलो तर मंत्री हट्टाला पेटणार. मधी एक येळ येती. विधेयक समितीकडं जातंय, ती एकेका कलमावर बसती. तिथं आपला कागद गेला पायजे. त्यांच्याच भाषेत, चार ओळींचा."

"मंत्रालयात बसून बसून गार पडलंय हे," सयाजी चौगुले मागून म्हणाला. खोली खदखदून हसली. नागसेनही हसला आणि ट्रॅक्टर जागेवरच राहिले.

त्यानं एक गोष्ट मात्र सांगितली नाही. सातव्या कलमाच्या आधी त्यानं दुसरं कलम वाचलं होतं. गुऱ्हाळावर भाजलेल्या कामगाराला भरपाई मिळेल, असं विधेयक म्हणत होतं. पण कामगार म्हणजे कोण, तर ज्याचं नाव हजेरीपटावर आहे तो. गुऱ्हाळावर हजेरीपट कुणी पाहिलाय? चुलवाणात चिपाडं सारून जाळ घालणारा जळव्या दर काहिलीमागं मजुरी घेतो. काहील उतरली, काम संपलं. नागसेनचे वडील दादासो तीस वर्षं जळव्या होते आणि तेही हंबीररावांच्याच गुऱ्हाळावर. दोन वर्षांपूर्वी काहील उतरवताना उकळता रस त्यांच्या उजव्या हातावर आला. हंबीररावांनी स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, वर गुळाचा एक रवा, अख्खी ढेप, घरी पाठवला आणि विषय संपला. नागसेननं मुंबई सोडली ती त्या हातापायी. दादासो आता डाव्या हातानं जाळ घालत होते.

त्याच दुपारी नागसेननं दोन कागद टाइप केले. पहिला मालकांसाठी, सर्वांना दाखवायचा. दुसरा दुसऱ्या कलमासाठी. तो त्यानं घडी घालून पिशवीच्या तळाला ठेवला. आज काढला असता तर त्या बारा जणांनी कागदासकट त्यालाही खिडकीतून बाहेर टाकलं असतं.

गडमुडशिंगीला घरी आल्यावर त्यानं वडिलांना त्या दुसऱ्या कागदाचं तेवढं सांगितलं.

"तात्यांना कवा दावणार?" दादासोंनी विचारलं.

"येळ आली की, आबा."

"येळ आल्यावर उठलास तर उशीर झाला म्हण की." दादासो हसले. "गुळव्या पाक बोटावर घेतोय, गोळी बघतोय आन वरडतोय, थांबव जाळ! पर त्येच्या वरडण्याची वाट बघितली तर? चुलवाणातला जाळ काय लगीच इझतोय व्हय? गूळ काळा पडतोय. चांगल्या जळव्यानं हाकेच्या आधीच हात आखडायचा असतोय."

"आन कळायचं कसं?"

"गुळव्याचा खांदा बघायचा. वरडायच्या आधी त्येचा खांदा उचलतोय."

नागसेननं मान हलवली. कायदा म्हणजे काय काहील आहे, असं त्याच्या मनात आलं.

सहा महिने गेले. हंबीरराव रोज विचारायचे, "आलं का बोलावणं?" आणि नागसेन रोज म्हणायचा, "येतंय." मालकांनी त्याचं नावच 'येतंय' पाडलं. सप्टेंबरात एका सकाळी फोन वाजला. पलीकडं अनुजा देशमाने होती, त्याची मंत्रालयातली जुनी सहकारी. आता ती विधानभवनात होती आणि त्याच समितीचं काम पाहत होती.

"नागसेन, समिती गुरुवारी कोल्हापुरात येतेय. विश्रामगृहावर, अकरा वाजता. तुमच्या संघाला पंधरा मिनिटं. आणि हे बघ, भाषण नको. नेमके शब्द लिहून आणा, खाली संघाच्या अध्यक्षांची सही. तेवढंच मला नोंदवता येतं."

नागसेननं फोन ठेवला आणि या खेपेला टेबलावर हात त्यानं आपटला.

"तात्या, आता!"

कप पुन्हा नाचले. हंबीररावांनी आनंदानं त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला, की त्याला ठसकाच लागला.

गुरुवारी विश्रामगृहाच्या आवारात जत्रा भरली. नको नको म्हणताना हंबीररावांनी हलगी आणलीच. फेटे आणले. समितीला नमुना म्हणून गुळाच्या रव्यांची पाटी आणली आणि ती दादासोंच्या डोक्यावर दिली. दादासो लांब बाहीचा पांढरा सदरा घालून आले होते. ते आत येऊन भिंतीला लागून उभे राहिले. नागसेन पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसला. सहा महिने ज्या पंधरा मिनिटांसाठी टोमणे खाल्ले, ती आता सुरू झाली होती.

हंबीरराव बोलले आणि, विश्वास बसणार नाही, तीन मिनिटांत थांबले. पहिला कागद समितीच्या अध्यक्षांच्या हातात गेला. सातव्या कलमात एवढीच भर होती, की स्वतःच्या शेतातला ऊस गाळणाऱ्या शेतकऱ्याला ही अट नाही. अध्यक्षांनी वाचून मान डोलावली. कोपऱ्यात अनुजाचं पेन उघडलं. मागं बारा मालक एकमेकांना कोपरानं ढोसू लागले.

तेवढ्यात जाड चष्म्याच्या एका सदस्यानं तो कागद आपल्याकडं ओढला.

"सूट द्या म्हणता. ठीक आहे. सूट दिली की तपासणी गेली. मग तिथं माणूस भाजला तर त्याला विचारणार कोण?"

अध्यक्षांनी कागद परत घेतला आणि पालथा ठेवला.

"मुद्दा बरोबर आहे. मग कलम आहे तसंच राहू द्या."

अनुजानं पेन मिटलं.

हीच ती वेळ. नागसेनला ती सहा महिन्यांपासून तोंडपाठ होती. हा प्रश्न येणार, कलम अडणार, आणि त्या अडलेल्या क्षणी दुसरा कागद पुढं केला, तर मालकांना नाही म्हणता येणार नाही. त्याचा हात पिशवीत गेला. कागद बोटांना लागला. आणि हंबीररावांनी वळून त्याच्याकडं पाहिलं.

हात तिथंच अडला. हा कागद आमचा नव्हे, असं तात्या एकदा म्हणाले की दोन्ही कागद गेले, संघ गेला, नोकरी गेली. उठावं की थांबावं? अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि शिपायाकडं मान वळवली.

भिंतीकडं धप्प आवाज झाला. दादासोंनी पाटी खाली ठेवली होती. ते सरळ टेबलापाशी आले, डाव्या हातानं बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि उजवा हात हिरव्या कापडावर ठेवला.

"ह्यो भाजला, साहेब. इचारायला कोण आलं न्हाय. हजेरीपटावर नाव न्हाय आमचं. कुठल्याच जळव्याचं न्हाय."

चष्मेवाले सदस्य पुढं वाकले. "कुणाच्या गुऱ्हाळावर?"

दादासोंनी हंबीररावांकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ते नगा इचारू. सगळीकडं तसंच हाय. माझ्या पोरानं कागद आणलाय, तेवढा वाचा."

आता कुठं नागसेनचा हात पिशवीबाहेर आला.

अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं, "'हजेरीपटावर नाव असो वा नसो, काहिलीमागे मजुरी घेणारी प्रत्येक व्यक्ती.' हं. दोन्ही कागद एकत्र असतील तर सातव्या कलमाचा विचार करता येईल. पण यावर संघाच्या अध्यक्षांची सही दिसत नाही."

सगळ्यांचे डोळे हंबीररावांकडं गेले. ते मात्र त्या हाताकडं बघत होते. दोन वर्षांपूर्वी जीपमध्ये त्यांनीच तो आपल्या टॉवेलात गुंडाळला होता. त्यानंतर त्यांनी तो पाहिला नव्हता. सदऱ्याची बाही मध्ये असायची. मागं सयाजी मोठ्यानं खाकरला. हंबीररावांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"कुठं करायची?" त्यांनी विचारलं. इतका खालचा आवाज त्यांना आहे, हे नागसेनला त्या दिवशी कळलं.

अनुजाचं पेन पुन्हा उघडलं आणि भराभर चालू लागलं.

बाहेर हलगीवाल्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी जोर धरला. हंबीरराव जीपपाशी थांबले.

"कवा लिवलावतास?"

"सा म्हैनं झालं, तात्या."

"आन आज दावतोस?"

"त्या दिवशी दावला आसता तर?"

हंबीररावांनी थोडा विचार केला. "फाडला आसता," ते म्हणाले आणि जीपचं पुढचं दार उघडून धरलं. "दादू, म्होरं बस. मी बसतो मागं."

जीप शहराबाहेर पडली. मग नागसेन मागून पुढं झुकला.

"आबा, मी तर उठलोच न्हवतो. तुम्ही कसं म्होरं आलासा?"

"तुझा खांदा उचलला की."

"पर हाक दिलीच न्हाय मी. तोंडच उघडलं न्हाय."

"म्हणूनच," दादासो म्हणाले, आणि त्यांनी उजवा हात मांडीवर वाऱ्याला उघडा ठेवला. बाही अजून कोपरापर्यंत दुमडलेलीच होती.