हेझलची भीती

ग्लिनिस तिसऱ्यांदा स्वच्छतागृहातून बाहेर आली तेव्हा तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. हेझलने पुढे केलेला रुमाल तिने घेतला, तोंड पुसलं आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. तिची पाठ विमानांकडे होती.

"पाव खा," हेझल म्हणाली.

पाव ग्लिनिसनेच आणले होते. सकाळी उठून, हॅम आणि वाटलेले वाटाणे भरून, फडक्यात गुंडाळून. विमानतळावर मिळतं त्याला ती अन्न म्हणायला तयार नव्हती. न्यूकॅसलच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात दोघींनी अठ्ठावीस वर्षं एकत्र काढली होती, त्यामुळे अन्नाबद्दल तिचा शब्द शेवटचा असे.

"आत्ता नको. ॲम्स्टरडॅमला कालव्याच्या काठी बसून खाऊ."

"तोवर दगड होतील त्यांचे."

"मग बदकांना मारू फेकून."

हेझल हसली. पण ग्लिनिसची बोटं मांडीवरच्या पाण्याच्या बाटलीचा कागद सोलत होती. अर्धी बाटली उघडी पडली होती आणि कागदाचे कपटे तिच्या स्कर्टवर साचले होते.

गेल्या वर्षी हेझलच्या छातीत गाठ निघाली. घरात ती एकटीच. दुसऱ्या दिवशी ग्लिनिस गाडी घेऊन दारात हजर झाली आणि पुढचे सात महिने होतच राहिली. हेझलच्या हाताला औषधाची नळी लागलेली असायची आणि ही शेजारी बसून फोनवरून ॲम्स्टरडॅमची हॉटेलं मोठ्याने वाचून दाखवायची. "हे बघ, इथे जिना इतका उभा आहे म्हणे, की वर जायला दोरी लागेल. हे आपलं नाही. पुढचं." सगळ्या खोलीतले रुग्ण ऐकायचे. "तू बरी हो, मग आपण जाऊ," असं तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, आणि ते जवळजवळ धमकीसारखं वाटलं होतं.

इस्पितळातून परतीच्या वाटेवर हेझल अनेकदा म्हणायला जायची, "ग्लिनिस, मी तुझे कसे..."

"रडलीस तर इथेच उतरवीन. पुढे बसथांबा आहे."

त्यामुळे ते वाक्य कधीच पुरं झालं नाही. सात महिन्यांत एकदाही.

विमानात बसण्याची सूचना झाली. ग्लिनिस झटकन उठली, स्कर्टवरचे कपटे खाली सांडले. रांगेत ती हेझलच्या मागे उभी राहिली.

"खिडकीची जागा तुझी," ती म्हणाली. "मी मधे."

आवाज नेहमीचाच होता. पण हेझलने मागे वळून पाहिलं तेव्हा ग्लिनिसचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती.

आणि मग हेझलच्या डोक्यात एकापाठोपाठ एक गोष्टी जुळत गेल्या. लग्नानंतर ग्लिनिस आणि ट्रेव्हर विमानाने मायोर्का बेटावर जाणार होते. ते गेले जवळच्याच व्हिटबीला, बसने. का, तर धुकं होतं म्हणे. शाळेच्या बायका स्पेनला गेल्या त्या वर्षी कुत्रा आजारी होता. पन्नाशीच्या वर्षी गुडघा. दर वेळी काहीतरी निघायचंच, आणि दर वेळी ग्लिनिसच सगळ्यांना हसवत सांगायची.

आज मात्र तिने कसलंच कारण काढलं नव्हतं. ती त्या विमानात चढणार होती. औषधाच्या नळीशेजारी बसून शब्द दिला होता, म्हणून चढणार होती, आणि उतरेपर्यंत विनोद करत राहणार होती.

पुढे दोनच माणसं उरली होती. निळा स्कार्फ बांधलेली मुलगी पास तपासायला हात पुढे करून उभी होती. हेझल रांगेतून बाजूला झाली.

"काय झालं?"

"मला नाही जमायचं, ग्लिनिस."

"काय नाही जमायचं?"

"विमान. मला भीती वाटतेय."

मागची माणसं बॅगांची चाकं खडखडवत पुढे निघून गेली. ग्लिनिस हेझलकडे बघत राहिली.

"तुला," ती म्हणाली.

"हो, मला. आजारपणापासून... पायच उचलत नाहीयेत बघ." हेझलला खोटं बोलता येत नसे. तिचे कान लालबुंद झाले होते.

ग्लिनिसने मोठा श्वास घेतला आणि सोडला. गालांवर हळूहळू रंग आला. मग तिने पर्स काखेत नीट मारली.

"मग आधी सांगायला काय झालं होतं? कमाल आहे बाई तुझी!" हे इतक्या मोठ्याने, की निळ्या स्कार्फवाली मुलगी दचकली. ग्लिनिस तिच्याकडे गेली. "आम्हाला बाहेर सोड, पोरी. माझी मैत्रीण घाबरलीय. आजारातून उठलीय बिचारी."

मुलीने येऊन हेझलचा दंड थोपटला. "असं पुष्कळांचं होतं हो. यात लाजायचं काही नाही."

हेझलने मान खाली घातली.

मेट्रोत ग्लिनिसने आपला पाव खाल्ला, आणि हेझलचा अर्धा. मग फोन काढला. नॉर्थ शील्ड्स बंदरातून संध्याकाळी पाचला बोट होती, दोन बिछान्यांची खोली शिल्लक होती, सकाळी हॉलंड. हॉटेलला तिने कळवलं, एक रात्र उशीर होतोय, मैत्रिणीचं जरा नाजूक आहे. ट्रेव्हरलाही तेच सांगितलं. पलीकडून ट्रेव्हर काय बोलला कोण जाणे, बराच वेळ ती नुसतं "हं" म्हणत होती.

बोट टाइन नदीच्या मुखातून बाहेर पडली तेव्हा दोघी वरच्या डेकवर होत्या. धक्क्याच्या टोकावर उभी असलेली माणसं हात हलवत होती, आणि ग्लिनिस त्या सगळ्यांना ओळखत असल्यासारखी हात हलवून उत्तर देत होती. शेजारी डार्लिंग्टनची एक बाई चहाचा पेला घेऊन उभी होती. पाच मिनिटांत तिला सगळी हकीकत कळली: विमानतळ, रांग, ऐन वेळी हेझलचे थिजलेले पाय.

"थरथरत होती नुसती," ग्लिनिस म्हणाली. "मीच मग म्हटलं, चल, बोटीने जाऊ."

"फार घाबरले होते मी," हेझल म्हणाली.

"अगं बाई!" त्या बाईला कळवळा आला. "म्हणजे विमानात कधी बसलाच नाहीत तुम्ही?"

हेझलने उत्तरासाठी तोंड उघडलं. त्याआधीच ग्लिनिस बोलली, या वेळी अगदी हळू.

"बसलीय की. दोनदा ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन आलीय, लेकीकडे. एकटी."

बाई एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं.

ग्लिनिस कठड्याकडे वळली होती. तुषारांनी तो ओला झाला होता. तिने गळ्यातला स्कार्फ काढला, आपल्या शेजारी हातभर जागा पुसून कोरडी केली, आणि समुद्राकडे पाहत थांबली.

हेझल जाऊन तिथे टेकून उभी राहिली.