मधला कोरा दगड

मी एक जुना क्रशर आहे, मित्रांनो. म्हणजे दगड फोडणारं यंत्र. दोन लोखंडी जबडे, खाली एक ट्रे आणि बाजूला एक कुरकुरणारी मोटर, एवढाच माझा संसार. एवढे भक्कम जबडे असूनही मला बोलता येत नाही. त्यापायी माझं डोकं किती वेळा फिरलं, ते माझं मलाच ठाऊक.

माझी उमेदीची वर्षं एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली. तिथे नवं यंत्र आलं आणि मला एका नव्या खाणकंपनीने उचललं. कंपनी कसली, एक दादा, त्याची धाकटी बहीण, एक शेड आणि डोंगरावर भाड्याचं ड्रिल. सोनं आणि तांबं शोधायचं दोघांना लहानपणापासूनचं वेड. ड्रिल जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या काढायचं. कांडी उभी चिरून अर्धी जपून ठेवायची, अर्धी मला द्यायची. मी तिची भरड करायचो आणि ती तपासणीला जायची.

माझी अट एकच होती. दोन नमुन्यांच्या मध्ये एक कोरा दगड फोडायचा, ज्यात काहीच नाही असा पांढरा. त्याने आधीचे चिकटलेले कण निघून जातात. मग ब्रश मारायचा. बहीण हे न चुकता करायची. दादाला मात्र कंटाळा. "ज्यात काही नाही ते कशाला फोडत बसायचं?" म्हणायचा. अरे बाबा, जेवल्यावर तू चूळ भरतोस ना?

एकदा बहीण पूर्वेच्या उतारावर गेली होती. तिथे तिला खडकावर तांब्याचे हिरवे डाग दिसले होते आणि ड्रिलचं पुढचं भोक तिथेच घ्यायचं तिच्या मनात होतं. इकडे शेडवर कंपनी बघायला पाहुणे आले. दादाने रुबाब दाखवायला कपाटातून सोन्याचा दगड काढला. तो भलत्याच खाणीतला, त्याच्या कॉलेजातल्या सरांनी भेट दिलेला. मी तो फोडला, भरडीत पिवळं चमकलं. पाहुण्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ते गेल्यावर दादाने पश्चिमेच्या उताराचा नमुना हातात घेतला. पांढऱ्या दगडांची बादली पायाशीच होती. ती त्याने पायाने बाजूला सारली आणि नमुना तसाच माझ्या तोंडात टाकला. मी खडखडलो, मोटर तापवली, पट्टा घसरवला. त्याने पट्टा चढवला आणि पुन्हा बटण दाबलं.

तपासणीत निघालं, पश्चिमेला सोनं. दादा शेडभर नाचला.

"मध्ये कोरा दगड फोडला होतास ना?" बहिणीने विचारलं.

"हो गं. दरवेळी काय तेच?"

"मग राहिलेली अर्धी कांडी एकदा तपासून घेऊ."

"ड्रिल महिनाअखेर परत जाणार. एकच भोक होईल. थांबायला वेळ कुठे आहे?"

तिने पूर्वेचा नकाशा गुंडाळून ठेवला. दादावर विश्वास ठेवायची तिला सवय होती. माझा नुसता जळफळाट झाला.

ड्रिल पश्चिमेला गेलं. वर आला तो सगळा राखाडी दगड. मग तिने ती अर्धी कांडी तपासायला पाठवली. सोन्याचं नाव नाही. तिने माझे जबडे उघडून खाचेत ब्रश फिरवला, आणि ब्रशच्या टोकाला पिवळा कण आला. ती चिडली नाही. तिने तो ब्रश दादासमोर धरला.

"विसरलो गं," तो म्हणाला.

ड्रिल ट्रकवर चढलं. पूर्वेचा उतार तसाच राहिला. बहीण दुसरीकडे नोकरीला लागली आणि पुन्हा शेडवर आली नाही.

दादा मात्र रोज येतो. कोरा दगड फोडतो, ब्रश मारतो, पुन्हा कोरा दगड फोडतो. नमुना एकही येत नाही. मित्रांनो, यंत्राची निगा कामाच्या वेळी राखा, एवढंच माझं मागणं. आणि या माणसाला कुणीतरी सांगा, मला घासणं पुरे. मी कधीच स्वच्छ झालो. आता बहिणीकडे जा आणि तिला सांग, विसरलो नव्हतो, कंटाळा केला होता.