हलकं बघून फिरवू

लेकीचं, कोमलचं, पहिलं बाळंतपण पुण्यात आणि आमची मंजुळा घोडी इकडं शिरड शहापुरात गाभण. संध्याकाळी वसमतहून पुण्याची गाडी. मागं घोडीला कोण बघणार? शेवटी तिला टेम्पोतच घातली. जिथं मन बसेल तिथं उतरवायची, आणि आम्ही दोघांनी तसंच पुढं निघायचं.

आधी कुरुंद्याला रूपाबाईंचा तबेला पाहिला. छोटाच, पण जमीन कोरडी. बाई मला बघताच म्हणाल्या, "आधीच सांगते दादा, आमच्याकडं घोडी फिरवत न्हाईत."

म्हणजे गाभण घोडी दिवसभर दाव्यालाच? पाय सुजतील तिचे. मी टेम्पो वळवायला लावला.

"आता काहून?" बायको, साधना, वैतागली. "कीर्तनाला बसलात की हलत न्हाई, आन् आज घडीभर एका जागी राहवंना तुमाला."

कळमनुरीजवळचा तबेला ऐसपैस होता. नवे पत्रे, पंखे, कडेला पोरांना घोड्यावर बसायला शिकवायचं रिंगण. मालक सोमेश्वर. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आणि मोबाइलवर कीर्तन चाललेलं. बुवा नेमके गजेंद्राच्या हाकेवर आलेले. मला तिथंच निम्मी जागा पसंत पडली.

"रोज फिरवता ना?" मी विचारलं.

"म्हंजे काय! एक दिवस उभी ठेवत न्हाई, माउली."

"ही गाभण हाय."

"बराबर. मग हलकं बघून फिरवू."

किती समजूतदार माणूस! मी दावं त्याच्या हातात दिलं. तेवढ्यात रस्त्यावरून हलगी वाजत गेली आणि ओळीनं बांधलेली घोडी जागच्या जागी पाय उचलून नाचायला लागली. सगळीच. एका म्हाताऱ्या पांढरीची मान खाली, डोळे मिटलेले. पाय मात्र चाललेले.

"ही काय करून राहिली?"

"लगीनसराई हाय ना. सवय लागते."

"अहो, पण ही लोकांनी सांभाळायला दिलेली!"

"म्हनून तर फिरवतो. वरातीत न्हाई तर काय शेतात फिरवू?" तो खरोखर गोंधळला होता. "फिकीर सोडा. तुमच्या घोडीवर काटकुळा नवरदेवच बसवीन."

साधनानं तोंडाला पदर लावला. मला काही हसू येईना. माणूस वाईट नव्हता. त्याच्या धंद्यात त्या शब्दाचा अर्थच तेवढा. मी दावं परत घेतलं.

"परत कुरुंदा?" टेम्पोवाला जळबा म्हणाला. "गाडी चुकली तर मला बोलू नका."

रूपाबाई दारातच होत्या. "आलात व्हय? वरातीत फिरवत न्हाई म्हणलं तर तोंड फिरवून गेलात!"

"मला वाटलं, बांधूनच ठेवता."

"पोटुशी लेकरू बांधून कसं ठेवावं? रोज सकाळी ओढ्यापर्यंत चालवीन की."

मंजुळा मागं वळूनसुद्धा न बघता आत गेली. त्याचंही मला बरं वाटलं नाही.

गाडी मिळाली. वसमत सुटत नाही तोच मी फोन लावला.

"कडबा खाऊन राहिली," रूपाबाई म्हणाल्या. "थांबा, आइका."

फोन त्यांनी तिच्या तोंडापाशी धरला असावा. कुडुम कुडुम आवाज येत राहिला. मी कान दाबून ऐकत होतो.

साधनानं हात पुढं केला. "द्या इकडं, मला बी ऐकू द्या."