नऊचे नऊ मोजा

आमच्या केंद्राला गावात केंद्र कुणीच म्हणत नाही. येड्यांची शाळा म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत, कारण माझं तोंड कसं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाठ वळली की सुरू.

मी संध्या. आमचं गाव वाटूरपासून आठ किलोमीटर आत. सूरज माझा धाकटा भाऊ, वय चोवीस. त्याला समजायला वेळ लागतो, बोलायला त्याहून जास्त. अठरा वर्षांचा होईपर्यंत तो जालन्याला विशेष मुलांच्या शाळेत होता. तिथे शर्टाची बटणं लावायला शिकला, रस्ता ओलांडायला शिकला, स्वतःचं ताट स्वतः घासायला शिकला. मग अठरा पूर्ण झाली आणि शाळा संपली. पुढे काय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तो घरी आला आणि दोन वर्षं ओट्यावर बसून राहिला. बटणं लावायचं विसरला. आई त्याला भरवायला लागली. वीस वर्षांच्या बाप्याला घास भरवायची आणि म्हणायची, "असू दे गं, लेकरूच हाय ते." मला इतका संताप यायचा की ते ताट उचलून अंगणात भिरकावून द्यावं.

म्हणून केंद्र काढलं. विशेष शिक्षणाचा डिप्लोमा माझ्याकडे होताच. जालन्याच्या एका संस्थेने दोन शिलाई मशीन दिल्या, मला थोडं मानधन दिलं, आणि आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओसरीत आम्ही बसायला लागलो. तोवर गावाला वाटायचं की असा एक सूरजच आहे. मी घरोघर फिरले तेव्हा सूरज धरून नऊ जण निघाले. सगळे अठराच्या वरचे, सगळ्या आळ्यांमधले, मागच्या खोल्यांमधून निघालेले. दीपमाला एकतीस वर्षांची, तिने अकरा वर्षांत गल्ली ओलांडलेली नव्हती. विहारात लेक पाठवायचं काही घरांना सुरुवातीला जड गेलं. पण घरी कोंडून ठेवणं त्याहून जड होतं, म्हणून आले.

तीन वर्षं झाली. कापडी पिशव्या शिवतात, भाजी निवडतात, भाकरी थापतात, आळीपाळीने दोघं-दोघं बसने वाटूरला जाऊन सामान आणतात. दीपमाला आता कंडक्टरशी भांडते. हे शिकवायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

यंदा जानेवारीत संस्थेचं पत्र आलं. ओसरी चालणार नाही. पक्की खोली पाहिजे, संडास पाहिजे, आणि खोली केंद्राला दिल्याचा ग्रामसभेचा ठराव महिनाअखेर हातात पाहिजे. नाहीतर मशीन आणि मानधन दुसऱ्या गावाला जाणार. म्हणजे दीपमाला पुन्हा मागच्या खोलीत आणि सूरज पुन्हा ओट्यावर. मी पत्र दोनदा वाचलं, तरी त्यात तेवढंच होतं.

खोली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेची नवीन इमारत झाल्यापासून जुनी मोठी खोली रिकामी पडली होती, शेजारी संडासही होता. पण त्या खोलीवर बद्रीनाथ भाऊंचा डोळा होता. आमच्या सरपंच सगुणाबाई. म्हणजे कागदावर त्या, बाकी सगळीकडे त्यांचे मालक बद्रीनाथ. गावासाठी व्यायामाचं साहित्य मंजूर झालं होतं आणि जिमला जागा हवी होती. गावातल्या पोरांनाही जिम हवीच होती. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर मला जास्त धास्ती होती.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि शाळेच्या मैदानात ग्रामसभा बसली. मी नऊही जणांना घेऊन गेले. आईने घरातून निघताना हात धरला होता.

"नको नेऊ गं त्यायला. लोक हसतील."

"हसू दे. मतदार यादीत नाव हाय त्यांचं. निवडणुकीत गाडी पाठवून नेतात तेव्हा न्हाई कोणी हसत."

आम्ही पुढच्या सतरंजीवर बसलो. मागे नाही, पुढे. ग्रामसेवकांनी विषय वाचले आणि खोलीचा विषय आला. दोन्ही बाजूंनी दहा मिनिटं बोलाचाली झाली, मग बद्रीनाथ भाऊ म्हणाले, "हात वर करून जल्दी निकाल लावा. ऊन व्हायलं."

"खोली केंद्राला द्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाले.

हात वर गेले. माझ्या नऊ जणांचेही गेले. मला भरून आलं.

"आता खोली जिमला द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी."

माझ्या नऊ जणांनी परत हात वर केले. नऊच्या नऊ, ताठ. सगळ्यात उंच दीपमालाचा.

मैदानभर हसू फुटलं. चूक माझी होती. रोज सकाळी हजेरी घेताना, पाणी कुणाला, चहा कुणाला विचारताना मी हात वर करायला शिकवलं होतं. हात खाली ठेवणं हेही उत्तर असतं, हे तीन वर्षांत एकदाही शिकवलं नव्हतं.

"पाह्यलं का?" बद्रीनाथ भाऊ उभे राहिले. "ह्यांचं काय मोजता भाऊसाहेब? मॅडमनं आणून बसवलं म्हणून बसले. बाजूला बसवा त्यायला, अन् बाकीच्यांचे हात मोजा."

माझं डोकं फिरलं. मी उठले. "दोनदा हात त्यांनीच वर केला का? कडूबा आबांनी न्हाई केला? मी पाह्यलं. अन् ती तिकडची सगळी लाईन, त्यांनी न्हाई केला?"

कडूबा आबा ऐंशीचे. ते शांतपणे म्हणाले, "मला वाटलं चहाचं इचारून राह्यले."

आता लोक दुसऱ्या बाजूने हसले. बद्रीनाथ भाऊ मात्र हसले नाहीत. "संध्याबाई, चेष्टा बंद करा. डोकं ठिकाणावर नसलेल्या मानसाचं मत धरत न्हाईत."

"डोकं ठिकाणावर न्हाई असं कोर्टाने सांगावं लागतं. त्यांच्यापैकी एकाचा तरी कोर्टाचा कागद असंल तर दाखवा, मी आत्ता उठून जाते."

ग्रामसेवकांनी यादी चाळली. नऊ नावं यादीत होती. ते घाम पुसत म्हणाले, "हाताचा घोळ होऊन राह्यला. दोन बाजूला उभे राहा. केंद्रवाले कडुलिंबाखाली, जिमवाले झेंड्यापाशी. आधी बाकीचे मोजतो, ह्या नऊ जणांचं मंग पाहू."

"पन मॅडमनं त्यायला शिकवायचं न्हाई," बद्रीनाथ भाऊ म्हणाले. "न्हाईतर कोंबड्या हाकल्यासारखं हाकलीन ती."

"मी तोंडातून एक शब्द काढत न्हाई. तुम्हीच सांगा त्यांना."

बाकीचे दोन बाजूंना उभे राहिले. नऊ जणांना सांगायला ग्रामसेवक पुढे आले आणि "सदर खोलीच्या वापराबाबत" असं काहीतरी बोलायला लागले. मलाच कळेना, तिथे त्यांना काय कळणार. तेव्हा खुर्चीवर इतका वेळ पदर सावरत बसलेल्या सगुणाबाई उठल्या. नऊ जणांसमोर खाली बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "बाळांनो, त्या खोलीत तुमची शाळा भरावी, पिशव्या शिवाव्या, असं ज्याला वाटतंय त्यानं लिंबाखाली जा. त्या खोलीत व्यायाम करायचं सामान यावं, असं ज्याला वाटतंय त्यानं झेंड्यापाशी जा. तुमच्या मनानं जा."

तीन वर्षांत माझं इतकं सोपं बोलून झालं नव्हतं. दीपमाला पहिली उठली आणि लिंबाखाली गेली. तिच्यामागे एक, मग दोन, मग तीन. एकूण सात. एक जण मधेच बसून जिलेबी खात राहिला. त्याला कुठेच जायचं नव्हतं.

सूरज उठला, पँट वर ओढली आणि झेंड्याकडे गेला.

मला वाटलं चुकला, आता वळेल. तो वळला नाही. पोरांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला आणि एका पोराच्या दंडाला हात लावून बघायला लागला. सकाळी पोरं पारापाशी जोर काढायची तेव्हा हा तासभर बघत बसायचा, हे मला माहीत होतं. मी त्याला तिथून ओढून केंद्रात न्यायचे, उशीर होतो म्हणून.

ग्रामसेवकांनी नऊ जण सोडून बाकीचा गाव मोजला. एकदा मोजला, परत मोजला. लिंबाखाली एकसष्ट. झेंड्यापाशी एकसष्ट.

दीपमालाचे वडील कल्याणराव माझ्या कानाशी आले. भला माणूस. तीन वर्षं रोज तिला सोडायला-न्यायला येतो. "संध्या, सूरजला हाताला धरून हिकडं घे. त्याला काय कळतंय? कोणाचं ध्यान न्हाई तवर घे."

बद्रीनाथ भाऊ बोलले तेव्हा मला राग आला होता. आता आला तो निराळाच होता, कारण क्षणभर माझा पाय खरंच पुढे उचलला गेला होता. त्याला काय कळतंय. ज्या वाक्याशी मी तीन वर्षं भांडले, ते माझ्याच बाजूने येऊन माझ्याच कानात बोललं जात होतं, आणि ते मला सोयीचं वाटत होतं. मला माझीच लाज वाटली.

"न्हाई," मी म्हणाले. "त्याला जिथं जायचं होतं तिथं तो गेलाय."

"अगं, आपले सात मोजायचे न्हाईत ते, अन् ह्याला तेवढं मोजतील. मंग खोली जाईल!"

"जाऊ द्या."

तेवढ्यात झेंड्यापाशी आरडाओरडा झाला. बद्रीनाथ भाऊंनी सूरजच्या खांद्यावर हात टाकला होता. "भाऊसाहेब! हा कोन हाय? संध्याबाईचा सख्खा भाऊ आपल्याकडं हाय. बासष्ट झाले! लिहा बासष्ट!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. सूरज खुशीत हसत होता. मी सरळ टेबलापाशी गेले.

"लिहा," मी ग्रामसेवकांना म्हणाले. "सूरज राजानंद, जिमच्या बाजूने. यादीत नाव बघा आणि लिहा बासष्ट. माझी हरकत न्हाई."

ग्रामसेवकांनी आ वासला.

"अन् आता लिंबाखालचे मोजा. एकसष्ट अन् सात. मधला जिलेबी खातोय त्याला सोडा, त्याला मत द्यायचं न्हाई. नऊच्या नऊंना विचारलंय आपण, नऊचे नऊ मोजा."

"असं कसं?" बद्रीनाथ भाऊ खेकसले. "सूरज हुशार हाय, त्याला समजतं. बाकीच्यांचं—"

"आत्ता तर सगळ्यांना बाजूला बसवा म्हनत होते तुम्ही. सूरज झेंड्यापाशी गेला म्हणून हुशार झाला अन् दीपमाला लिंबाखाली गेली म्हणून येडी? बोला ना. समद्या गावासमोर बोला."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. रोज त्या त्यांच्याकडे पाहतात, सही कुठे करू म्हणून. सगुणाबाईंनी पदर खोचला. त्यांनी मालकांकडे पाहिलं नाही.

"म्या सांगितलं, म्या इचारलं," त्या म्हणाल्या. "त्यायनं माझं ऐकून पाय उचलला. समदे मोजा भाऊसाहेब. प्रोसिडिंगच्या वहीत नावानिशी घ्या."

ग्रामसेवकांनी नऊ नावं लिहिली. सात लिंबाखाली, एक झेंड्यापाशी, एक तटस्थ. अडुसष्ट विरुद्ध बासष्ट. खोली केंद्राला. सगुणाबाईंनी सही केली, स्वतः जागा शोधून. दीपमाला कुणालाही न विचारता शाळेच्या जुन्या खोलीचं कुलूप ओढून बघून आली. कडूबा आबांनी चहा कधी येणार ते विचारलं.

मला नाचावंसं वाटत होतं. सूरज मात्र झेंड्यापाशी एकटाच उभा होता. पोरं पांगली होती, त्याच्या खांद्यावरचा हात कधीच निघून गेला होता. मी जवळ गेले.

"ताई, माझी जिम?"

"न्हाई मिळाली. तुमची बाजू हरली."

त्याचा चेहरा पडला. मी त्याचा हात धरायला गेले, त्याने झटकला. मला लागलं ते. मग तो बराच वेळ विचार करत राहिला. त्याला विचार करायला वेळ लागतो, मी थांबले. आजवर मी पुरेसं थांबले नव्हते, हेही मला तिथेच कळलं.

"माझं मोजलं?"

"मोजलं. नाव लिहिलंय तुझं."

"परत कवा?"

"ग्रामसभा? मे महिन्यात, एक तारखेला."

"मी येनार," सूरज म्हणाला. एकेक शब्द तोलून, माझ्या डोळ्यात बघून म्हणाला, "तुझ्याकडून न्हाई. तुझ्या इरोधात."

जमलेली सगळी माणसं बघत होती. कल्याणराव हळहळले, आई पदराने डोळे पुसायला लागली. मला भावाचा राग आला होता, चांगलाच आला होता, आणि इतका अभिमान उभ्या जन्मात मला कुणाचा वाटला नव्हता.

"ये," मी म्हणाले. "पण माणसं जमवून ये. एकट्याने हरशील."

तो तसाच तरातरा निघाला, पोरं गेली होती त्या दिशेने, माणसं जमवायला.